गव्हाणीत गेलेले वावरात परत येऊ द्या



ऊस गव्हाणीत पडला, काट्याची पावती खिशात आली, की त्या उसाशी आपले नाते संपले असे आपण समजतो. पुढे विचारायचे ते फक्त भावाचे. पण त्या उसाबरोबर आपल्या वावराचा कसही कारखान्यावर जाऊन पडतो, त्याचा हिशेब कोणी मागत नाही. तो मागितला पाहिजे, आणि भावाइतक्याच नेटाने मागितला पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे.

हिशेब अवघड नाही. १०० टन ऊस गाळला की साधारण ३ ते ४ टन प्रेसमड निघते. (कोणी यालाच मळी म्हणतात, कोणी मोलॅसिसला मळी म्हणतात. घोळ नको म्हणून आम्ही प्रेसमडच म्हणतो.) त्यात १०० भागांत ७० भाग पाणीच असते. म्हणजे कोरडा माल १ टनाच्या आसपास. त्यात स्फुरद २ टक्के धरले तरी २० किलो झाले. सिंगल सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या पोत्यात स्फुरद ८ किलो. तेव्हा १०० टन ऊस घालणाऱ्या सभासदाची अडीच पोती कारखान्याच्या आवारात पडून आहेत, असे समजा. नत्र आणि सेंद्रिय कर्ब वेगळाच. पोटॅश मात्र यात फारसा सापडायचा नाही. तो मोलॅसिसबरोबर डिस्टिलरीत जातो आणि तिथल्या सांडपाण्यात उतरतो. म्हणूनच ते सांडपाणी प्रेसमडच्या ढिगांवर शिंपडून, ढीग वरखाली करून, दीड-दोन महिन्यांत कंपोस्ट करण्याची रीत निघाली.

आता आपल्या वऱ्हाडाची गोष्ट. अमरावती, अकोला आणि बुलढाण्यात पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरला आहे. विहिरीचे पाणी खारे, जमीन चोपण. पाऊस पडला की चिखल, उघडला की दगड. या जमिनीत सोडियम मातीच्या कणांना धरून बसतो, त्यामुळे पाणी खाली मुरत नाही. त्यावर जिप्समचा उतारा सांगतात, तो बरोबरच आहे. पण सल्फिटेशन पद्धतीच्या कारखान्यातील प्रेसमडही तिथे कामी येते. त्यात गंधक असते. जिवाणू त्याचे आम्ल करतात, आम्लाने जमिनीतला चुना विरघळतो आणि चुन्यातले कॅल्शियम सोडियमला हुसकावून त्याची जागा घेते. सुटलेला सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर जायला वाट पाहिजे. चर काढले नाहीत तर सारी मेहनत पाण्यात! कार्बोनेशन पद्धतीच्या कारखान्याचे प्रेसमड मात्र चुन्यानेच भरलेले. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीला त्याचा उपयोग नाही. घेण्याआधी विचारा, आणि माती अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात तपासून घ्या.

ताजे प्रेसमड उभ्या पिकात ओतू नका, हे शेतकी खाते सांगून थकले. ते कुजताना तापते, मुळे होरपळतात. त्यात मेण असते, त्यामुळे कुजायलाही वेळ लागतो. अर्धकच्च्या खतात हुमणी पडते ती वेगळीच. नीट कुजवलेले एकरी ४-५ टन, पावसाळ्याआधी मिसळले तर फायदा दिसतो.

ही काही आपलीच अडचण नाही. दूर स्पेनमध्ये ऑलिव्हचे तेल काढतात. १०० किलो फळातून २० किलोच्या आसपास तेल आणि बाकी सारा ओला, काळा चोथा. तोही कच्चा टाकला तर झाडांना बाधतो. म्हणून तिथले शेतकरी त्यात पालापाचोळा, शेणखत मिसळून कुजवतात आणि त्याच बागांना घालतात.

खरा प्रश्न पुढेच आहे. २०१८ साली केंद्र सरकारने दाबलेल्या बायोगॅसची 'सतत' योजना आणली, तेव्हापासून प्रेसमडला गिऱ्हाईक आले. सुमारे २५ टन प्रेसमडमधून १ टन गॅस मिळतो असे धरतात. काल ज्याला कोणी विचारत नव्हते त्याचे आज पैसे होतात, आणि संचालक मंडळाला ते पैसे नको आहेत असे कोण म्हणेल? ते पैसे भावातच येतील, हा मुद्दा आम्हाला मान्य आहे. वऱ्हाडात सहकारी कारखाने कसे बंद पडत गेले ते आपण पाहिले आहे. तेव्हा कारखान्याची चार पैशांची आवक आम्ही हलकी लेखत नाही.

पण गॅस होतो तो कर्बाचा. नत्र, स्फुरद बहुतेक मागे उरलेल्या गाळात राहते. तो गाळ कोणाचा? प्रेसमड विकण्याचा करार करताना हा गाळ सभासदांकडे परत येईल, असे कलम त्यात पाहिजे. ते नसेल तर आपण दरवर्षी जमीन थोडी थोडी विकतो आहोत, राजेहो, आणि तीही दुसऱ्याच्या काट्यावर!

दोष सारा कारखान्याचा नाही. कंपोस्ट तयार असून उचल होत नाही, ही तक्रारही खरी आहे. वाहतूक परवडत नाही म्हणतात. मग ऊस खाली करून रिकाम्या परतणाऱ्या गाड्या कशासाठी आहेत? गाळप चालू असतानाच, ज्याचा जितका ऊस त्या प्रमाणात खताची चिठ्ठी काट्यावरच द्यावी, आणि गाडी भरून परत जावी. चिठ्ठी १५ दिवसांत वापरली नाही तर ते खत दुसऱ्या सभासदाला द्यावे, बाहेरच्याला नव्हे.

हा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या पत्रिकेवर यावा, म्हणून सभासदांनी आपल्या सह्यांचे अर्ज मुदतीत कार्यालयात द्यावेत. आयत्या वेळच्या विषयांत तो ढकलला, तर जेवणाच्या गडबडीत कोण ऐकणार आहे?