विश्लेषण : बौद्धिक दिव्यांग प्रौढ अचानक मारू लागला, तर गोळीआधी काय तपासायचं?

तिशीतला मुलगा स्वतःच्या कानशिलात मारून घेतो, आईचे केस ओढतो, जेवणाचं ताट भिरकावतो. त्याला बोलता येत नाही. शेजारी म्हणतात, ‘वेड लागलंय’. मग शांत करणारी गोळी सुरू होते आणि बहुतेक घरांत शोध तिथेच थांबतो. तो थांबू नये.

हा मानसिक आजार आहे का?

बौद्धिक अक्षमता म्हणजे मानसिक आजार नव्हे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या व्याख्येतूनही ती वगळलेली आहे. अशा व्यक्तीला मानसिक आजार होऊ शकतो, पण आदळआपट हा त्याचा पुरावा नाही. शब्द नसलेला माणूस दाढ दुखते हे कसं सांगणार? कानातला संसर्ग, बद्धकोष्ठता, पित्त, पाळीच्या वेदना, हे सगळं हातापायांतूनच बाहेर पडतं. त्यामुळे वागणं अचानक बदललं, तर पहिली फेरी दातांच्या आणि नेहमीच्या डॉक्टरांकडे हवी.

दुखणं नसेल तर?

एक वही घ्या, तीन रकाने आखा : आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. दोन आठवडे न चुकता लिहा. (यंत्र बिघडलं की आपण आधी नोंदी पाहतो, माणसाच्या बाबतीत मात्र थेट निदान!) कुणी कुकरच्या शिट्टीने बिथरतो. कुणी ओरडला की आंघोळ टळते. कुणाला एरवी कोणी विचारत नाही, ताट फेकलं की अख्खं घर धावतं. तिसरा रकाना वाचणं घरच्यांना जड जातं, कारण त्यात ते स्वतः दिसतात. पण उपायही तिथेच सापडतो. आंघोळ नको असेल, तर ‘थांब’ सांगणारी खूण किंवा चित्राचं कार्ड शिकवायचं आणि त्याने ते दाखवलं की खरंच थांबायचं.

मग गोळ्यांचं काय?

२००८ साली ‘द लॅन्सेट’मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. मनोविकृती नसलेल्या, पण आक्रमक वागणाऱ्या ८६ बौद्धिक दिव्यांग प्रौढांपैकी काहींना रिस्पेरिडोन, काहींना हॅलोपेरिडॉल, तर काहींना औषधच नसलेली गोळी दिली गेली. चार आठवड्यांत आक्रमकता तिन्ही गटांत घटली. सर्वाधिक घटली ती औषध नसलेल्या गटात! चाचणी छोटी होती, तरी गोळी हा पहिला उपाय नसावा, हे म्हणायला ती पुरेशी आहे. इंग्लंडमध्ये २०१६पासून अशी अनावश्यक औषधं कमी करण्याची ‘स्टॉम्प’ मोहीम सुरू आहे. मात्र सुरू असलेली गोळी स्वतःहून अचानक बंद करू नका. डोस डॉक्टरच हळूहळू कमी करतात.

वही कोण वाचणार?

खरी अडचण इथे आहे. विशेष शाळा साधारण अठराव्या वर्षी सुटते. पुढे कार्यशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर मुलगा घरात आणि आई साठीच्या पुढे. अनेक कार्यशाळा ‘मारतो’ म्हटल्यावर प्रवेश देत नाहीत, म्हणजे ज्याला गरज सर्वात जास्त, तोच बाहेर. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती दिली, ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमाही आहे. पण ती वही घेऊन आईने जायचं कुठे? माझ्या मते प्रत्येक जिल्हा रुग्णालयात प्रौढांसाठी आठवड्यातून एक दिवस तरी दंतवैद्य, फिजिशियन आणि वर्तनाची जाण असलेला मानसशास्त्रज्ञ एकत्र बसायला हवेत. त्यासाठी नवी इमारत लागत नाही.