रिपोर्टवर यीस्टचं नाव येऊ द्या

मा. अधिष्ठाता,
शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, परभणी



आंदोलनं करून मिळवलेलं हे महाविद्यालय 2023 मध्ये सुरू झालं, तेव्हा माझ्यासारख्या प्रयोगशाळा तंत्रज्ञांना वेगळाच आनंद झाला. जिल्ह्यात आता सूक्ष्मजीवशास्त्राचा स्वतंत्र विभाग असणार होता. त्या विभागाकडून एक अपेक्षा आहे, म्हणून हे पत्र.

छोट्या लॅबमधून दिलेल्या रिपोर्टवर अनेकदा एवढंच असतं : ‘यीस्ट पेशी आढळल्या.’ कोणतं यीस्ट, ते नसतं. मग डॉक्टर अंदाजानं फ्लुकोनॅझोल लिहितात. कॅन्डिडा क्रुसेईवर हे औषध मुळातच चालत नाही, ग्लाब्राटावर अनेकदा कमी पडतं. आणि अल्बिकन्सच असेल असं धरून चालणं आपल्याकडे तर फारच धोक्याचं. भारतातल्या 27 अतिदक्षता विभागांच्या 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रक्तात सर्वाधिक सापडलं ते कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस. दिवस भरण्याआधी जन्मलेलं, काचेत ठेवलेलं बाळ असेल, तर चुकीच्या औषधावर गेलेले दोन दिवसही परवडत नाहीत.

जात ओळखायची पहिली पायरी महाग नाही. जर्म ट्यूब चाचणीला अर्धा मिलिलिटर सीरम, ताज्या वाढीतला किंचितसा अंश आणि 37 अंशांचा इन्क्युबेटर पुरतो. दोन-अडीच तासांनी थेंब काचपट्टीवर घ्यायचा. पेशीतून सरळ नळी निघालेली दिसली आणि ती मुळाशी आवळलेली नसली, तर ते बहुधा अल्बिकन्स. आवळलेली असेल तर ती खरी जर्म ट्यूब नव्हे. तीन तासांच्या वर ठेवलं की ट्रॉपिकॅलिसही फसवतं. हा फरक पुस्तकातल्या चित्रावरून कळत नाही, शेजारी बसून कुणीतरी दाखवावा लागतो. पुढे क्रोमोजेनिक अगारवर अल्बिकन्स हिरवं, ट्रॉपिकॅलिस निळं, क्रुसेई गुलाबी नि खरखरीत उगवतं. एका नमुन्यात दोन जाती मिसळलेल्या असल्या तरी रंगावरून लक्षात येतात. एचआयव्हीच्या रुग्णाच्या पाठीतून काढलेल्या पाण्यात क्रिप्टोकॉकस या दुसऱ्या यीस्टभोवतीचं कवच तर इंडिया इंकनं काही मिनिटांत दिसू शकतं.

कॅन्डिडा ऑरिस ओळखणं मात्र इतकं सोपं नाही. 2009 मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून हे यीस्ट पहिल्यांदा वेगळं केलं गेलं. 2013 मध्ये दिल्लीतून भारतातले रुग्ण नोंदले गेले आणि 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं धोकादायक बुरशींच्या यादीत त्याला सर्वांत गंभीर गटात घातलं. ते खाटेच्या कठड्यावर, उपकरणांवर टिकतं, एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातं. जुन्या पद्धतींची स्वयंचलित यंत्रं त्याला कॅन्डिडा हेम्युलोनी म्हणून मोकळी होतात. खात्रीसाठी माल्डी-टॉफ किंवा जनुकीय तपासणी लागते. ती सोय परभणीत लगेच व्हावी, असा हट्ट नाही. पण संशयित वाढ चंडीगढच्या पीजीआयसारख्या संदर्भ प्रयोगशाळेकडे कोणी, कशी पाठवायची, हे लेखी ठरलेलं असावं.

गंगाखेड, जिंतूर, सेलू, पाथरीचे नमुने आपल्या विभागात यावेत आणि तिथल्या तंत्रज्ञांना आपल्याकडे चार दिवस हातानं काम करायला मिळावं, एवढं आपल्या अधिकारात नक्की होऊ शकेल. नमुन्यासोबतच्या अर्जावर तो कुठून घेतला आणि आधी कोणती औषधं चालू होती, हे लिहिणं सक्तीचं करा. लघवीतलं किंवा थुंकीतलं यीस्ट पुष्कळदा नुसतं वस्तीला असतं, त्याला प्रत्येक वेळी औषध लागत नाही. रक्तातलं यीस्ट मात्र कधीच सोडून द्यायचं नसतं. रक्ताच्या कल्चरमध्ये अंकुर फुटलेल्या यीस्ट पेशी दिसल्या, की छापील रिपोर्टची वाट न पाहता त्याच क्षणी वॉर्डात फोन जावा, आणि जात कळताच दुसरा.

आपला,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, परभणी