धक्का जातो कुठे?

मंडळी, या वीकेंडला कोडिंगला सुट्टी. आज विषय बंदुकीचा. घाबरू नका, फक्त हिशोब करायचाय :-)

म्हसावदचा माझा एक वर्गमित्र सध्या कोलोरॅडोत असतो. तिथे रीतसर लायसन्स काढून हरणाची शिकार करता येते. आपल्याकडे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१च्या दुरुस्तीनंतर हौशी शिकार पुरती बंद झाली. त्यामुळे सातपुड्याच्या पायथ्याशी वाढूनही आम्ही शिकारीची रायफल फक्त सिनेमात पाहिलेली. आता साहेबांनी .३०-०६ घेतलीय. ती खांद्याला जोरात लागते, म्हणून नळीच्या तोंडाला मझल ब्रेक बसवायचा म्हणतोय. माझं मत : बसवू नये.

त्याची तक्रार खरी आहे. धक्क्याची भीती बसली की माणूस चाप ओढायच्या आधीच दचकतो. नेम हलतो, आणि हरीण मरण्याऐवजी जखमी होऊन पळतं. म्हणजे धक्का कमी करणं हे नुसते लाड नाहीत.

पण न्यूटन कुणाला सोडत नाही. १० ग्रॅमची गोळी सेकंदाला ८८० मीटर वेगाने निघते, मागोमाग जळलेल्या दारूचा वायू. तेवढाच संवेग रायफलला उलटा मिळतो. साडेतीन किलोच्या रायफलीत ही धक्क्याची ऊर्जा साधारण २४ जूल होते, साडेचार किलोच्या रायफलीत १९. एक किलो वाढवलं की पाचवा हिस्सा गायब! दस्त्याला जाड रबरी पॅड लावलं तर तोच धक्का जरा जास्त वेळात, जास्त जागेवर पसरतो. सरावाला कमी दारूची काडतुसं वापरली तर दचकायची सवयच लागत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ जिंकलं, त्या प्रकारात गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, आणि रायफल मात्र ८ किलोपर्यंत चालते. स्थिरपणासाठी वजन किती कामाचं असतं ते यावरून कळावं.

मझल ब्रेक काय करतो? वायू बाजूला आणि मागे वळवतो. खांदा सुटतो हे खरं, पण आवाज शिकाऱ्याच्या आणि शेजारी उभ्या माणसाच्या कानावर आदळतो. रायफलचा बार ब्रेकशिवायही कान बिघडवण्याइतका मोठा असतो. खांद्याचा काळानिळा डाग आठवड्यात जातो, गेलेला कान परत येत नाही.

मित्र म्हणतो, डोंगरात जादा किलो कोण वाहणार? मुद्दा बरोबर आहे. पण मग निदान स्वतःच्या आणि सोबत्याच्या कानाला मफ हवेतच. आपला त्रास कमी करताना तो कुणाच्या वाट्याला जातोय, एवढं तरी बघावं.

असो. तुम्ही काय केलं असतं?