रोग बाजारात, ठिपका वस्तीत!

2020 च्या मे महिन्यात, 11 ते 17 तारखेदरम्यान, नवी मुंबईतील कृषी उत्पन्न बाजार समितीची कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य ही पाचही बाजारआवारे बंद ठेवावी लागली. महामुंबईच्या अन्नपुरवठ्याच्या नाडीलाच कोरोनाने विळखा घातला होता.

रुग्णाची नोंद मात्र त्याच्या निवासाच्या पत्त्यावर होत होती. घणसोली-कोपरखैरण्याचा माथाडी त्याच्या वस्तीत, पनवेलचा व्यापारी पनवेलच्या यादीत. निवासी लोकसंख्या नसलेले बाजारआवार अशा नकाशावर कोरे राहणे अटळच! रुग्ण काम कोठे करतो, ही विचारपूस झाली तेव्हाच बाजाराचा धागा हाती लागला. केवळ रंग पाहून उपाय योजले असते, तर 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' हाच प्रकार घडला असता.

संगणक चुकत नाही, असे भौगोलिक माहिती प्रणालीचे, म्हणजे जीआयएसचे भक्त सांगतात. परंतु संगणकाला पुरवलेला पत्ता चुकतो, त्याचे काय? नवी मुंबईत सेक्टर 19 वाशीला आहे, कोपरखैरण्याला आहे आणि नेरुळलाही आहे. बाजार समितीचा पत्ता कोणी वाशी लिहितो, कोणी तुर्भे. उपनगराचे नाव गळाले की ठिपका कित्येक किलोमीटर दूर जाऊन पडतो आणि तेथेही तितक्याच आत्मविश्वासाने चमकतो.

छेदाचा दोष तर त्याहून गंभीर आहे. दर हजारी प्रमाण काढायचे ते कोणत्या हजारांवर? जनगणना माणसाला त्याच्या घरी मोजते, दिवसा बाजारात घाम गाळणाऱ्याला बाजारात नव्हे. त्यातच 2021 ची जनगणना लांबणीवर पडल्याने आधार उरला तो 2011 चा. शिवाय प्रभागांच्या सीमा बदलल्या की तेच आकडे वेगळा रंग धारण करतात. मग त्या रंगाला वस्तुस्थिती म्हणायचे की सीमारेषेची करामत?

1854 मध्ये लंडनमध्ये पटकीची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंची ठिकाणे नकाशावर मांडली, पण ते तेथेच थांबले नाहीत. दूरच्या हॅम्पस्टेडमधील एका विधवेचा मृत्यू त्या चित्रात बसत नव्हता. चौकशीअंती उलगडले, की ती ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे पाणी मुद्दाम मागवून पीत असे. विसंगत वाटणारा ठिपकाच सर्वांत बळकट पुरावा ठरला!

म्हणूनच नकाशाला विरोध नाही, विरोध आहे तो आंधळ्या नकाशाभक्तीला. ज्या नकाशावरून बाजार बंद होतात, निधी वाटला जातो, त्यावर माहितीचे वर्ष, पत्त्यांची अचूकता, मोजणीचे एकक आणि संभाव्य चूक छापण्याचे बंधन शासनाने घालावे. माथाडी कामगार आपल्या पाठीवरच्या पोत्याचे वजन जाणतो. नकाशा काढणाऱ्यानेही आपल्या प्रत्येक ठिपक्याचे वजन जाणले पाहिजे!