भिंगावरचे चूर्ण

त्रिविध परीक्षेत दर्शनाला आपण अग्रस्थान देतो. परंतु ज्या चष्म्यातून रुग्णाची जिव्हा पाहावयाची, तो चूर्ण चाळता चाळता अ‍ॅप्रनच्या टोकाने कोरडाच पुसतो! हल्लीची बहुतेक भिंगे प्लॅस्टिकची असतात, आणि वनौषधींच्या चूर्णात मातीचे कठीण कण राहतातच. ते घासले जाऊन उठलेले ओरखडे पुन्हा निघत नाहीत. आधी थंड पाण्याच्या धारेने कण वाहून जाऊ द्यावेत, सौम्य द्रवसाबणाचा थेंब बोटांनी फिरवावा, धुवावे, स्वच्छ मऊ सुती फडक्याने टिपावे. (रिठ्याचा आग्रह आम्ही धरीत नाही, तो डोळ्यांस झोंबतो.) रसकल्पाच्या पुडीवरील १२५ मिलिग्रॅमचा आकडा ओरखड्यांतून वाचण्याची वेळ का यावी? चूर्णखोलीच्या दाराशी नळ नसल्यास औषधालयचालकांनी तो आधी बसवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.