उपग्रह नंतर, आधी अँटेना

मध्यंतरी एका कॉलेजाने मला सल्ल्यासाठी बोलावलं. पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेली, हॅम, म्हणजे हौशी, रेडिओचा परवाना असलेली बाई, एवढीच माझी पात्रता. “मॅडम, आपल्या कॉलेजचा उपग्रह सोडायचाय,” प्राचार्य म्हणाले. नाव ठरलं होतं, बोधचिन्हही तयार होतं. तो वर गेल्यावर त्याचं ऐकणार कोण आणि कशावर, असं मी विचारलं. तेव्हा चहा मागवण्यात आला.

हौशी लोकांचा पहिला उपग्रह, ऑस्कर-१, अमेरिकेतून १२ डिसेंबर १९६१ रोजी गेला. कॅलिफोर्नियातल्या हॅम मंडळींनी तो नोकऱ्या सांभाळून, घरच्या गॅरेजमध्ये बनवला होता. वजन साडेचार किलोच्या आसपास. मोर्समध्ये तो एकच शब्द बोलायचा, ‘हाय’: चार टिंबं, मग दोन. गंमत अशी की आतलं तापमान बदललं की ‘हाय’चा वेगही बदलायचा. म्हणजे हातात घड्याळ धरून ते ‘हाय’ मोजणारा कुठल्याही देशातला माणूस उपग्रहाचं तापमान काढू शकत होता. तीनेक आठवडे तो बोलत राहिला आणि २८ देशांतल्या ५७० हून अधिक हौशींनी आपापल्या नोंदी पाठवल्या. बनवणारे मूठभर, ऐकणारे शेकडो. त्या शेकडोंशिवाय तो खोका मुका होता असंच मी म्हणेन.

यामागे साधा हिशेब आहे. पाचशे किलोमीटर उंचीवरचा उपग्रह दीड तासात पृथ्वीला फेरी मारतो. आपल्या गच्चीवरच्या अँटेनाला तो एका वेळी फार तर दहा मिनिटं सापडतो, तेही दिवसातून चार-सहा वेळा. उरलेला सगळा वेळ तो दुसऱ्यांच्या डोक्यावर असतो. महाराष्ट्रभर अँटेना उभारल्या तरी ही मिनिटं फारशी वाढत नाहीत, कारण तेवढ्या उंचीवरून त्याला जवळजवळ सगळा भारत एकदमच दिसतो. वाढवायची तर ब्राझील, जपान, पोलंडमध्ये कुणीतरी कान लावून बसायला हवं. आणि त्यांनी आपलं ऐकावं असं वाटत असेल, तर आधी आपण त्यांचं ऐकायला हवं. अथेन्समधल्या हौशी तंत्रज्ञांनी २०१४ साली सुरू केलेलं ‘सॅटनॉग्ज’ हे जाळं याच देवघेवीवर चालतं. माझ्या स्टेशनवर तुमचा उपग्रह, तुमच्या स्टेशनवर माझा.

आपल्याकडे हे नवं नाही. ५ मे २००५ रोजी ‘इस्रो’ने सोडलेल्या हॅमसॅटवर दोन ट्रान्सपॉन्डर, म्हणजे खालून आलेला संदेश परत खाली पाठवणारी उपकरणं, होते. एक भारतीय आणि दुसरा नेदरलँड्समधल्या एका अभियांत्रिकी विद्यार्थ्याने बनवलेला. तो उपग्रह २०१४ पर्यंत चालला आणि जगभरच्या हॅमनी त्यावरून गप्पा मारल्या. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला. जेमतेम किलोभराचा हा उपग्रह वीज न खाता, नुसत्या चुंबकांच्या मदतीने दिशा धरेल अशी रचना मुलांनी केली. एकाचा संदेश साठवून दूरच्या दुसऱ्या हॅमला पोचवायचा, हे त्याचं काम. बनवायला आठेक वर्षं लागली. म्हणजे सुरुवात करणाऱ्या मुलांच्या हातात पदवी पडून नोकऱ्या लागल्या, तरी मागच्यांनी काम पुढे नेलं. मला यातली हीच गोष्ट सगळ्यांत अवघड वाटते, कारण आपल्याकडे प्राचार्य बदलले की प्रकल्प बदलतो.

शिवाय पूर्ण उपग्रहच हवा असंही नाही. १ एप्रिल २०१९ च्या पीएसएलव्ही-सी४५ मोहिमेत रॉकेटचा चौथा टप्पा कक्षेतच ठेवला आणि त्यावर अ‍ॅमसॅट-इंडिया या हौशींच्या संस्थेचं संदेश पुढे पाठवणारं उपकरण बसवलं. वीज आणि दिशा रॉकेटची, उपकरण हौशींचं. स्वतःच्या नावाचा हट्ट सोडला तर चार तालुक्यांतली कॉलेजं मिळून असं एखादं उपकरण नक्की बनवू शकतील. बोधचिन्हावरून भांडण होईल, ते होऊ द्यावं.

पण सुरुवात गच्चीवरून व्हावी. पीव्हीसी पाइप आणि स्टीलच्या मेजरटेपचे तुकडे यांतून बरी यागी अँटेना होते. संगणकाला जोडायचा एसडीआर, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारा, रिसीव्हर काही हजारांत मिळतो. अंतराळ स्थानकावरचे हॅम १४५.८०० मेगाहर्ट्‌झवर बोलतात, ते ऐकण्यापासून सुरुवात करता येते. उपग्रह जवळ येतो तेव्हा त्याची फ्रीक्वेन्सी चढते आणि लांब जातो तेव्हा उतरते, हा डॉप्लर परिणाम फळ्यावर तासभर शिकवण्यापेक्षा एकदा पडद्यावर सरकताना दिसला की पुरे. बोलायचं असेल तर परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो, पण त्यासाठी वयाची बारा वर्षं पूर्ण झालेली पुरतात.

तेव्हा प्राचार्यांना आणि मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. येत्या २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, रांगोळी आणि पोस्टर स्पर्धा एक वर्ष बाजूला ठेवा आणि गच्चीची किल्ली मुलांच्या हातात द्या.