काचेतल्या बाळाच्या आईसाठी दुभाषी हवेत: जाहीर आवाहन

अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे किंवा जन्मल्यावर न रडलेले बाळ ज्या नवजात शिशु अतिदक्षता कक्षात दाखल होते, त्याला बोलीत ‘काच’ म्हणतात, आणि ‘बाळ काचेत ठेवलंय’ यापलीकडे पुष्कळ घरांना काहीच कळत नाही. मेळघाटातील आईची अडचण याहून मोठी आहे, कारण कोरकू ही मुंडा कुळातील, मराठीशी सोयरीक नसलेली भाषा असून परिचारिकेच्या बोलण्यावर त्या आईची मान हलते ती अनेकदा केवळ भिडेपोटी. धडगाव-अक्कलकुव्यातील पावरी आणि भिली बोलणाऱ्या आयांनाही दवाखान्यातील मराठी परकीच वाटते.

काविळीसाठी निळ्या प्रकाशाखाली ठेवलेल्या बाळाच्या डोळ्यांवर पट्टी असते ती डोळे जपण्यासाठी. पण हे न सांगितल्यास बाळाची दृष्टी गेली, या धास्तीने आई रात्रभर दाराशी बसून राहते. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन दहाव्या हिश्शापर्यंत घटू शकते, हे ठाऊक नसलेली सासू ‘इथं बाळ वाळलं’ म्हणून उपचार अर्धवट सोडून त्याला घरी नेते, आणि त्यात तिचा अडाणीपणा शोधणे अन्यायाचे आहे.

आईवडिलांना कक्षात घेऊन हात धुणे, पिळून काढलेले दूध पाजणे, बाळाला उघड्या छातीशी धरणे शिकवावे, ही ‘कुटुंब-सहभागी काळजी’ केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. मात्र शिकवणाऱ्याची भाषाच न कळल्यास ती कागदावरच राहते.

यास्तव कोरकू, पावरी किंवा भिलीसह मराठी जाणणाऱ्या नागरिकांनी, विशेषतः स्त्रियांनी (दुधाविषयी पुरुषासमोर बोलणे आईला अवघड जाते), आठवड्यातील काही तास देण्याची तयारी जवळच्या शासकीय रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना लेखी कळवावी. दुभाष्याने पदरचा सल्ला न देता डॉक्टरांचे बोलणे जसेच्या तसे सांगावे, आईचे प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचवावेत, कानी आलेले गावात बोलू नये. सर्वांत निकड आहे ती बाळाला रुग्णालयातून सुट्टी मिळते त्या दिवशी: दूध ओढणे थांबणे, अंग गार पडणे, मिनिटाला 60 किंवा अधिक श्वास, झटके यांपैकी काहीही दिसताच बाळाला परत आणायचे, हे आईकडून तिच्याच शब्दांत वदवून घेतल्यावरच तिला गाडीत बसू द्यावे.